चौदाशे वर्षांपूर्वीच्या शेतात काय उभं होतं, हे कळतं कसं?

प्रश्न : एल साल्वादोर देशात ज्वालामुखीच्या राखेखाली माया लोकांच्या काळातलं एक खेडं सापडलं आणि तिथल्या शेतात चौदाशे वर्षांपूर्वी मका उभा होता, जवळच कसले तरी कंद लावलेले होते, असं वाचनात आलं. आमच्या शेतातलं यंदाचं चिपाड पुढचा पावसाळा बघत नाही. मग ही मंडळी इतक्या जुन्या पिकाचं नाव-गाव सांगतात ती कशाच्या जोरावर? हा अंदाज की पुरावा? आणि जाता जाता आणखी एक. ज्वालामुखीच्या पायथ्याशी शेती करायला ते लोक गेलेच कशाला? – एक शेतकरी वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : आपली शंका रास्त आहे, आणि चिपाडाचा दाखला तर बिनतोड. उष्ण, पावसाळी प्रदेशात वनस्पती कुजते आणि मातीला मिळते. मध्य अमेरिकेत तर हे काम आपल्यापेक्षाही झपाट्याने होतं. म्हणून माया म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तिकाल, पालेंके, चिचेन इत्सा इथले दगडी पिरॅमिड येतात. दगड टिकला, म्हणून राजे टिकले. ज्यांच्या धान्यावर ते राजे जगले त्यांची घरं माती-लाकडाची आणि गवताने शाकारलेली. ती केव्हाच गेली, आणि शेतं तर त्याहून आधी.

आपण वाचलंत ते खेडं याला अपवाद आहे. त्याचं नाव होया दे सेरेन. राजधानी सान साल्वादोरच्या वायव्येला साधारण ३५ किलोमीटरवर सापोतितान नावाचं सुपीक खोरं आहे, त्यात ते वसलेलं होतं. ते शोधायला कोणी गेलं नव्हतं. १९७६ साली सरकारला त्या भागात धान्याची कोठारं उभारायची होती, म्हणून बुलडोझरने जमीन सपाट करायचं काम चालू होतं. पात्याने टेकाड कापलं तेव्हा कित्येक मीटर राखेखाली घराची जमीन आणि भिंती दिसल्या. काम थांबवून जाणकारांना बोलावण्यात आलं. पण घर इतकं धडधाकट होतं, की ते अलीकडचंच असणार असा निर्वाळा मिळाला आणि बुलडोझर पुन्हा सुरू झाला. त्यात काही घरं गेली. प्राचीन म्हणजे मोडकळीला आलेलं असणार, या समजाने केलेलं हे नुकसान.

दोन वर्षांनी, १९७८ मध्ये, अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचे पुरातत्त्वज्ञ पेसन शीट्स त्या खोऱ्यात पाहणी करत होते. गावकऱ्यांनी त्यांना ती जागा दाखवली. त्यांनी छपराच्या जळक्या गवताचे नमुने कालमापनासाठी पाठवले. उत्तर आलं, सुमारे चौदाशे वर्षं. पुढे देशात यादवी पेटली आणि उत्खनन बरीच वर्षं बंद राहिलं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा सुरू झालं आणि १९९३ मध्ये युनेस्कोने या जागेला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

आता मूळ मुद्दा. पीक कुजलं नाही का? कुजलं. पूर्ण कुजलं. त्या शेतातल्या मक्याचा धागाही उरलेला नाही. उरली ती मक्याच्या आकाराची पोकळी.

ती कशी तयार झाली ते क्रमाने पाहू. इसवी सन ६०० च्या सुमारास (काही अभ्यासक थोडं अलीकडे ओढतात) गावापासून जेमतेम ६०० मीटरवर, नदीच्या बाजूला, जमिनीला तोंड फुटलं. वर येणारा तप्त शिलारस नदीच्या पाण्याला भिडला. पाण्याची वाफ होऊन प्रचंड स्फोट झाले आणि शिलारसाचा अक्षरशः भुगा उडाला. पाण्यामुळे ही राख ओलसर, पिठासारखी बारीक होती आणि तिची उष्णता साधारण उकळत्या पाण्याइतकीच राहिली. त्यामुळे तिने पिकं जाळली नाहीत. ती पानापानाला, देठाला चिकटली, चहूबाजूंनी दाबून बसली. अधूनमधून पाणी कमी पडलं, की कोरडे, फार तापलेले खडे आणि दगड येऊन आदळत. छपरं पेटली ती त्यांच्यामुळे. मग पुन्हा ओली राख. असे एकावर एक चौदा थर पडले आणि गाव चार ते आठ मीटर खाली गेलं.

ही राख पुढे घट्ट झाली. आतलं ताट, कणीस, कंद, देठ यथावकाश कुजून गेले, पण भोवतालची राख ढासळली नाही. वनस्पतीची जागा तेवढी रिकामी राहिली.

उत्खनन करणारे राख खरवडत जाताना मध्येच एखादं भोक लागतं. अशा वेळी तिथेच थांबायचं, हा त्यांचा पहिला नियम. आत उजेड किंवा बारीक कॅमेरा टाकून पोकळी केवढी आणि कुठवर गेली आहे ते बघायचं. मग दातांचे डॉक्टर साचे घेण्यासाठी वापरतात तसलं पातळ प्लास्टर त्यात ओतायचं. ते घट्ट झालं, की भोवतालची राख हळूहळू काढायची. हातात राहतो तो चौदाशे वर्षांपूर्वीच्या झाडाचा पांढरा पुतळा. ताट कुठे वाकलं आहे, कणीस केवढं भरलं आहे, सगळं त्यावर दिसतं. इटलीत पोंपेईला माणसांच्या पोकळ्यांत प्लास्टर ओतलं, ते आपल्याला ठाऊक असेल. तीच युक्ती इथे पिकांवर केली. मात्र सेरेनच्या आजवर खोदलेल्या भागात स्फोटात सापडलेलं एकही माणूस मिळालेलं नाही. पहिल्याच आवाजाने लोक निघाले असावेत. एक बदक मात्र बांधलेलं होतं, ते राहिलं.

या शेतात काय दिसलं? सरी-वरंबे स्पष्ट होते. मका वरंब्यावर टोकलेला, एका जागी तीन ते पाच दाणे. काही ताटं उभी, तर काही कणसाखाली मोडून वाकवलेली. कणीस भरलं की ताट वाकवायचं, म्हणजे ते खाली तोंड करून लोंबतं, त्यात पाऊस शिरत नाही आणि दाणा जागेवरच वाळतो. एल साल्वादोरमधले शेतकरी आजही हेच करतात. त्या प्रदेशात पहिला मका ऑगस्टच्या सुमारास या अवस्थेला येतो. म्हणून स्फोट ऑगस्टच्या आसपासचा, हे ठरलं. वेळही बरीचशी कळली आहे. जेवणाची भांडी खरकटी होती, पण झोपायच्या चटया अजून आढ्याला खोचलेल्याच. शेतीची हत्यारं घरी परतली होती. म्हणजे रात्रीचं जेवण उरकून अंथरुणं पडायच्या मधली वेळ.

घरांजवळचा परिसर तर आपल्याला फारसा परका वाटणार नाही. भिंती कुडाच्या : उभ्या काठ्या, त्यांवर माती लिंपलेली. भूकंपाच्या देशात ही भिंत जड विटांच्या भिंतीपेक्षा शहाणपणाची. स्वयंपाकघर वेगळं, कोठीची खोली वेगळी. दळायचा दगडी पाटा दुबेळक्या लाकडांवर कमरेइतका उंच बसवलेला, म्हणजे वाकून कंबर मोडायला नको. (ही सोय आपल्याकडे का सुचली नाही, असं वाटून जातं.) परसात पेरू, कोको, आणि एका घराच्या बागेत सत्तरच्या आसपास घायपाताची झाडं. एवढा वाख एका घराला लागत नाही. त्या घरचे लोक दोरखंडाचा धागा काढून गावाला पुरवत असणार. कोठीत रचून ठेवलेली कणसं, भांड्यांत घेवडा, सरकी, कोकोच्या बिया आणि छताला टांगलेल्या मिरच्या. धारदार काचदगडाची पाती छपराच्या गवतात खोचून ठेवलेली, पोरांच्या हाताला लागू नयेत म्हणून. एका-एका घरात सत्तरेक मातीची भांडी मिळाली. त्यावरून त्यांना गरीब खेडूत म्हणायला जीभ रेटत नाही.

आपण ‘अंदाज की पुरावा’ असं विचारलंत, तर दोहोंमधली रेघ इथेच दाखवतो. मका होता, वरंब्यावर होता, ताट वाकवलेलं होतं : हा पुरावा. साचा समोर आहे. महिना ऑगस्टचा, वेळ संध्याकाळची : हा पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष, आणि चांगला भक्कम. घायपाताचा धागा इतरांना दिला जात होता : हा अंदाज, पण व्यवहाराला धरून. आणि हे लोक घरात कोणती भाषा बोलत होते? तिथे मात्र मतभेद आहेत. सेरेन माया जगाच्या आग्नेय काठावर येतं आणि त्या पट्ट्यात लेंका, शिंका असे इतर समाजही होते. म्हणून काटेकोर अभ्यासक त्याला ‘माया प्रदेशाच्या कडेचं गाव’ म्हणतात. वर्तमानपत्रं सरळ ‘माया गाव’ म्हणून मोकळी होतात.

आता त्या कंदांकडे वळू. माझ्या मते सेरेनमधली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे.

माया म्हणजे मका, असं समीकरण फार दिवस चालत आलं. त्याला कारणंही होती. त्यांच्या चित्रांत आणि शिल्पांत मक्याचा देव जागोजागी आहे. किचे माया लोकांच्या ‘पोपोल वुह’ या ग्रंथात तर देवांनी माणूस मक्याच्या पिठाचा घडवला. पण प्रश्न उरत होता. इतकी दाट वस्ती केवळ मका, घेवडा आणि भोपळ्यावर पोसली गेली का? १९६६ मध्येच बेनेट ब्रॉन्सन या अभ्यासकाने सुचवलं होतं, की हे लोक कंदपिकंही मोठ्या प्रमाणावर घेत असावेत, विशेषतः कसावा. म्हणणं पटण्यासारखं होतं. पण पुरावा मिळत नव्हता.

तो का मिळत नव्हता, ते कळलं की पुरातत्त्वाची निम्मी मर्यादा कळते. मक्याचे परागकण तळ्यांच्या गाळात शतकानुशतकं ओळखू येतात. कसावा लावतात तो खोडाच्या तुकड्यांनी. त्याचे परागकण थोडे आणि फार लांब न जाणारे. मक्याची जळकी बोंडकं चुलीच्या राखेत सापडतात, तर कंद मऊ, सोलला, शिजवला, खाल्ला, संपला. माणसांच्या हाडांची रासायनिक तपासणी केली, तरी हाच पक्षपात दिसतो. मका, ज्वारी, बाजरी, ऊस या वनस्पती हवेतला कार्बन एका विशिष्ट पद्धतीने घेतात आणि त्याची खूण खाणाऱ्याच्या हाडांत उतरते. म्हणून मका खाणारा ओळखू येतो. कसावा दुसऱ्या गटातला. त्याची खूण घेवड्यासारखी, भोपळ्यासारखी, रानातल्या कुठल्याही पाल्यासारखी. त्या गर्दीत तो हरवून जातो. थोडक्यात, मक्याने साक्षीदार भरपूर ठेवले आणि कसाव्याने जवळजवळ एकही नाही. अभ्यासकांनी साक्षीदार मोजले आणि तेच जेवणाचं ताट समजले.

सेरेनमध्ये परसात कसाव्याची तुरळक झाडं आधीच सापडली होती. पण चार झाडं म्हणजे पीक नव्हे. २००७ मध्ये शीट्स यांच्या तुकडीने गावाच्या दक्षिणेला, घरांपासून सुमारे २०० मीटरवर खड्डे घेतले. तिथे मक्याच्या वरंब्यांपेक्षा बरेच उंच आणि रुंद वाफे लागले. त्यांतल्या पोकळ्यांत प्लास्टर ओतलं, तेव्हा बाहेर आले कसाव्याचे कंद आणि खोडं. पुढच्या हंगामांत आणखी खोदल्यावर शेताचा विस्तार लक्षात आला. हे घरामागचं हौसेचं पीक नव्हतं. अख्खं रान कसाव्याखाली होतं.

शिवाय ते शेत नुकतंच काढलेलं होतं. बहुतेक कंद उपटून नेलेले, थोडे चुकून राहिलेले. वाफे पुन्हा बांधून त्यांत खोडाचे तुकडे आडवे पुरलेले, आपण उसाचं बेणं लावतो तसेच. म्हणजे काढणी आणि पुढची लावण एकाच दमात झाली होती, आणि ती स्फोटाच्या अगदी तोंडावर. उंच वाफ्यांचंही कारण आहे. कंदाला भुसभुशीत माती लागते आणि पाणी साचलं तर तो सडतो.

इथे एक गंमत आहे. कसावा जमिनीत राहिला तर महिनोन्‌महिने टिकतो. लागेल तसा उपटावा, हीच त्याची खरी सोय. पण एकदा उपटला, की दोन-तीन दिवसांत बिघडायला लागतो. मग सगळं शेत एकदम का काढलं? एक तर कंद किसून, वाळवून, पीठ करून ठेवायचं होतं. किंवा गावात काहीतरी मोठं जेवण होतं. दोन्ही शक्यता मांडल्या गेल्या आहेत. आपल्यासारखा शेतकरी यावर माझ्यापेक्षा चांगला तर्क करील.

यातून ‘माया लोकांचं मुख्य अन्न कसावा’ असं उलट टोकाचं वाक्य मात्र कोणी काढू नये. सेरेन हे एक गाव आहे, तेही माया जगाच्या एका कोपऱ्यातलं. तिथल्या शेताने एवढंच दाखवलं, की इतर ठिकाणी कसावा सापडत नाही याचा अर्थ तो पिकत नव्हता, असा होत नाही.

आता आपला दुसरा प्रश्न : ज्वालामुखीच्या पायथ्याशी गेलेच कशाला?

आधी एक दुरुस्ती. ज्या तोंडाने सेरेन बुडवलं, त्याला आता लोमा काल्देरा म्हणतात. तो काही गावामागे धुमसत उभा असलेला डोंगर नव्हता. जमीन त्या संध्याकाळी तिथे नव्याने फुटली. खोऱ्याच्या कडेला सान साल्वादोरचा मोठा ज्वालामुखी होताच आणि त्याचा धाक लोकांना असणार. पण ‘डोळ्यांदेखत धगधगत्या डोंगराखाली वस्ती केली’ हे चित्र खरं नाही.

शिवाय त्यांच्या पायाखालची माती आली कुठून, तेही बघायला हवं. सेरेनच्या आधी, आज जिथे इलोपांगो सरोवर आहे तिथे, अतिशय मोठा उद्रेक झाला होता. त्याचं वर्ष एका गटाच्या मते इसवी सन ४३१ च्या आसपास, दुसऱ्या गटाच्या मते साधारण शतकभर नंतरचं. त्या पांढऱ्या राखेने देशाचा मोठा भाग झाकून टाकला, शेती बसली, माणसं मेली किंवा परागंदा झाली. हळूहळू लोक परतले आणि त्या राखेवर तयार झालेल्या मातीत त्यांनी पेरणी केली. सेरेनचा मका उभा होता तो या मातीत. एका स्फोटाने दिलेलं शेत दुसऱ्याने गाडलं.

राख पडली की जमीन लगेच सोन्यासारखी होते, हाही एक गोड गैरसमज आहे. ताजी राख पिकाच्या दृष्टीने जवळजवळ वाळवंट. तिच्यात नत्र नसतं, सेंद्रिय काही नसतं, आणि जाड थर असेल तर खालची चांगली जमीनही गाडली जाते. फायदा मागाहून मिळतो. राख म्हणजे बारीक काच. ती ऊन-पावसात लवकर विरघळते आणि पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम मोकळे होतात. तिच्यापासून जी चिकणमाती बनते ती पाणी आणि कुजलेला पाला घट्ट धरून ठेवते. आपली काळी मातीही ज्वालामुखीचीच देणगी, पण तिचा खडक म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा कठीण बसाल्ट. तो झिजायला युगं लागतात. राख मुळातच पीठ होऊन पडते, त्यामुळे तिची माती काही पिढ्यांत कसदार होऊ शकते. गोरगरीब माणसाला धोका शतकातून एकदा आणि पीक दरवर्षी, असा हिशेब समोर असेल तर तो काय निवडेल? आज त्याच खोऱ्यात ऊस, मका, भाजीपाला पिकतो आणि माणसं पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त आहेत.

इलोपांगोच्या उद्रेकानंतर लोक नुसते परतले नाहीत, त्यांनी बांधकामंही केली. सेरेनपासून पाचेक किलोमीटरवर सान आंद्रेस हे त्या खोऱ्याचं मोठं केंद्र होतं. तिथल्या कांपाना नावाच्या भव्य वास्तूच्या बांधकामात इलोपांगोची राखच भर म्हणून वापरलेली आढळली. आकिरा इचिकावा यांचा हा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या मते हे बांधकाम उद्रेकानंतर फार काळ न जाता सुरू झालं असावं. ज्या राखेने घरं बुडवली, तिचंच देऊळ.

प्रश्न : मग तिकालसारखी शहरं घनदाट जंगलात कशी जगली? तिथे तर ज्वालामुखीची राखही नाही. – एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : आपण ज्याला घनदाट जंगल म्हणता, ते बहुतांशी शहरं ओस पडल्यावर वाढलेलं आहे. शहरांच्या भरभराटीत तिथे शेतं, बागा, राखलेली झाडं आणि वस्ती अशी सरमिसळ होती. २०१८ मध्ये ग्वातेमालाच्या पेतेन भागातल्या २,१०० चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्राची विमानातून लेझर किरणांनी केलेली मोजणी प्रसिद्ध झाली. हे किरण पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोचतात, म्हणून झाडी बाजूला काढल्यासारखा नकाशा मिळतो. त्यात ६१ हजारांहून अधिक बांधकामं दिसली, आणि त्यांच्यामध्ये उतारावरच्या पायऱ्यांची शेतं, पाणथळीत काढलेले चर आणि उंच केलेली वाफ्यांची राने.

तिथली माती चुनखडकावरची. पातळ, पण निकृष्ट नव्हे. अडचण दोनच : उतारावर ती वाहून जाते, आणि कोरड्या महिन्यांत पाणी टिकत नाही, कारण चुनखडक ते शोषून घेतो. पहिल्यावर उपाय बांध आणि पायऱ्या, दुसऱ्यावर उपाय तळी. ‘जंगल जाळायचं, दोन वर्षं पेरायचं, पुढे जायचं’ एवढीच त्यांची शेती, असं पूर्वी पुस्तकांत असे. जाळून पेरायची पद्धत होतीच, पण लाखोंच्या वस्तीला ती एकटी पुरणारी नव्हती.

सुपीक खोऱ्यातलं शहर बघायचं तर होंडुरासमधलं कोपान. तिथलं राजघराणं इसवी सन ४२६ मध्ये सुरू झालं आणि कोरीव लेखांतली शेवटची तारीख ८२२ ची आहे. नदीकाठच्या गाळाच्या उत्तम जमिनीतच राजवाडा आणि वस्ती वाढत गेली, म्हणजे शहर आपल्याच सर्वांत चांगल्या शेतावर पसरलं. (पुण्या-नाशिकच्या वाचकांनी इथे हसू नये.) पुढे टेकड्यांवरची झाडं तोडून शेती झाली, माती वाहून गेली आणि राज्य बुडालं, अशी सरळ गोष्ट बरीच वर्षं सांगितली गेली. नंतर तळ्याच्या गाळातल्या परागकणांचा नव्याने अभ्यास झाला, तेव्हा शेवटच्या काळात झाडी उलट वाढलेली दिसली. त्यामुळे कोपान कशाने मोडलं, याचं एका ओळीचं उत्तर आज कोणी जबाबदार माणूस देत नाही. राजकारण, युद्धं, दुष्काळ यांची गुंतागुंत होती, एवढं म्हणता येतं.

आणि राज्यं बुडाली म्हणून माणसं नाहीशी झाली नाहीत. माया भाषा बोलणारे लक्षावधी लोक आज ग्वातेमाला, मेक्सिको, बेलीझ इथे आहेत, आणि मका पेरत आहेत.

प्रश्न : कसावा म्हणजे ज्याचा साबुदाणा करतात तोच ना? मग उपासाची खिचडी आपल्याला माया लोकांनी दिली म्हणायची का? – एक गृहिणी, ठाणे

उत्तर : कंद तोच. श्रेय मात्र माया लोकांना देता येत नाही. कसावा माणसाळवला गेला तो दक्षिण अमेरिकेत, अमेझॉनच्या नैर्ऋत्य भागात, सेरेनच्या हजारो वर्षं आधी. तिथून तो उत्तरेकडे सरकत मध्य अमेरिकेत पोचला. भारतात तो पोर्तुगीजांच्या व्यापारातून आला आणि केरळात रुजला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी गरिबांचं अन्न म्हणून त्याच्या लागवडीला उत्तेजन दिलं. मूळ साबुदाणा आग्नेय आशियातल्या एका ताडजातीच्या झाडाच्या गाभ्यापासून होत असे आणि तो बाहेरून यायचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आयात अडली, तेव्हा तमिळनाडूतल्या सेलमला कसाव्याच्या पिठापासून तो करायला सुरुवात झाली. आज आपल्या घरी येतो तो बहुतेक याच जातीचा.

तुमच्या खिचडीतला शेंगदाणा, हिरवी मिरची आणि बटाटा हे तिघेही अमेरिका खंडांतूनच आलेले आहेत. जिरं, तूप आणि कोथिंबीर तेवढी अमेरिकेबाहेरची.